घराण्याचा इतिहास शोधून घर चालतं का?

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. बँकेतली नोकरी सांभाळून तुम्ही गेली काही वर्षं सासर-माहेर दोन्हीकडच्या वंशावळी काढताय, मोडी बऱ्यापैकी वाचता येते, तर आता हेच पूर्णवेळ करून घर चालेल का, त्यासाठी परदेशातलं एखादं सर्टिफिकेट घ्यावं का, आणि तुमच्या कुलमंडळाला कुलवृत्तांताची, म्हणजे घराण्याच्या छापील इतिहासाची, नवी आवृत्ती तुमच्याकडून करून हवीये ती फुकट करावी का. मी हे काम पोटापाण्यासाठी करतो, पुण्यात बसून, जास्त करून पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण, त्यामुळे मी सांगतोय ते या भागापुरतं पक्कं समजा, मराठवाडा-विदर्भाचे कागद वेगळे आहेत आणि तिथलं तिथल्या माणसाला विचारा.

पहिल्याचं उत्तर हो, चालतं. पण वंशावळ काढून देण्यावर चालत नाही. वंशावळ घरोघरी असते, कुणाच्या तरी काकांनी फुलस्केपवर काढलेली, नंतर पुतण्याने लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलेली, आणि तशी अजून एक सुबक करून द्यायला लोक फार तर शाबासकी देतात. लोक पैसे मोजतात ते एका दुव्यासाठी. हा रामजी त्या विठोबाचाच मुलगा हे कशावरून? त्या एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही कागदावर दाखवू शकलात, आणि तो कागद कुठल्या कचेरीत कुठल्या रजिस्टरच्या कुठल्या पानावर आहे हे तिसरा माणूस जाऊन पडताळू शकेल असं लिहून देऊ शकलात, की मग तो तुमचा धंदा झाला. वकील असो, लंडनमधली आजीबाई असो की जातपडताळणीला उभा असलेला बारावीचा मुलगा असो, तिघांनाही हेच हवं असतं, दुवा आणि त्याचा पुरावा.

आता काम येतं कुठून ते सांगतो. सगळ्यात नियमित काम मोडीचं. आपल्याकडे महसुली आणि घरगुती कागद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोडीत लिहिले गेले, म्हणजे आज ज्यांच्या जमिनीच्या वाटण्या कोर्टात पडल्यात, देवस्थान इनामाचे वाद आहेत, वतनजमिनी कुणाच्या नावे होत्या यावर भांडण आहे, त्यांचे मूळ कागद त्यांच्या वकिलालाही वाचता येत नाहीत. पानावर पैसे घेऊन लिप्यंतर करून देणं हे आमच्यातल्या बऱ्याच जणांचं महिन्याचं किराणा-बिल भागवणारं काम आहे. त्यात सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूम धडाधड उघडल्या, मोडी वाचणारा माणूस कुठे मिळेल म्हणून शोधाशोध झाली, आणि आतापर्यंत हौस म्हणून मोडी शिकलेल्यांच्या लक्षात आलं की याला दाम आहे. ही मागणी कायम अशीच राहील असं धरून मात्र नोकरी सोडू नका, पण मोडी येणारा माणूस पुढची बरीच वर्षं रिकामा बसणार नाही हे मी छातीठोक सांगतो.

नुसती लिपी येऊन मात्र भागत नाही आणि इथेच हौशी आणि व्यावसायिक वेगळे होतात. कागद काय म्हणतोय ते वाचणं वेगळं आणि तो कागद काय सिद्ध करतोय ते ओळखणं वेगळं. एक साधं उदाहरण घ्या, फेरफाराचं, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यानंतर गावोगावी फेरफार रजिस्टरं सुरू झाली, आणि खातेदार मेला की वारसांची नोंद तिथे पडते. समजा 1927 ची नोंद आहे, रामा मयत, वारस मुलगा पांडू, पुढे लिहिलंय अ.पा.क. आई सखू. हौशी माणूस यातनं पांडू रामाचा मुलगा एवढं घेतो आणि पुढे जातो. पण अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे 1927 ला पांडू सज्ञान नव्हता, 18 च्या आत होता, म्हणजे त्याचा जन्म 1909 च्या नंतरचा. आता तुमच्या क्लायंटने शाळेचा जो उतारा आणलाय त्यात पांडू रामाचा जन्म 1903 दिसतोय, तर हा पांडू तो पांडू नाही किंवा दोनपैकी एका नोंदीत चूक आहे, आणि ते सोडवल्याशिवाय तुम्ही पुढे जाऊ शकत नाही. त्याच नोंदीत आईचं नाव मिळालं, रामाच्या मृत्यूचं वर्ष साधारण मिळालं, आणि मोठा भाऊ असता तर बहुतेक तो ए.कु.मॅ. म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागला असता, तो लागलेला नाही, म्हणजे पांडू थोरला किंवा एकुलता असावा असं निदान म्हणता येतं. चार ओळींची नोंद, पण तिच्यावर तासभर बसायची तयारी पाहिजे. मला या कामात आजही सगळ्यात जास्त आनंद इथेच होतो.

आपल्याकडे नावं फिरून फिरून येतात हे तुम्हाला घरच्या वंशावळीत जाणवलं असेलच. आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे विठोबा बिन रामजी, म्हणजे रामजीचा मुलगा विठोबा, मग रामजी बिन विठोबा, परत विठोबा बिन रामजी असं चालतं आणि अधली दोन माणसं सहज गळतात, किंवा एकाच माणसाचे दोन होतात. त्यात दत्तक. दत्तक गेलेला मुलगा बापाचं नाव बदलून दुसऱ्या घराच्या कागदात दिसायला लागतो आणि मूळ घरात तो एकदम नाहीसा होतो, मग लोक म्हणतात लहानपणी वारला असेल. आणि आडनाव तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदात बऱ्याचदा नसतंच, किंवा महसुली कागदात पाटील, शाळेत वेगळं, आणि मुंबईला गिरणीत लागलेल्या भावाचं गावावरून काहीतरी -कर. म्हणून मी आडनावाच्या मागे कधीच धावत नाही, जमिनीच्या मागे धावतो. सर्व्हे नंबर आणि त्याचे हिस्से धरून मागे गेलं की माणसं आपोआप ओळीत लागतात.

पेशवाईच्या कागदात शिरलात की तारखांशी गाठ आहे. शक असेल तर 78, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79, मिळवले की झालं, पण बऱ्याच कागदांवर सुहूर सन असतो, अरबी अंकांच्या नावात लिहिलेला. सबा सितैन मया व अलफ असं दिसलं तर सात, साठ, शंभर आणि हजार, मिळून 1167. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, म्हणजे इसवी 1766-67, कारण हे वर्ष मृग नक्षत्र लागलं की, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं, तेव्हा महिना बघितल्याशिवाय इसवी सन लिहायचा नाही. फसली, म्हणजे महसुली वर्षाचं, गणित अजून वेगळं. हे तक्ते तुमच्या टेबलावर छापून ठेवा, मोबाईलवर ठेवू नका, प्रत्येक रेकॉर्ड रूममध्ये फोन आत नेऊ देतीलच असं नाही.

लोकांना वाटतं जुने कागद म्हणजे सनदा आणि मोठमोठे सरदार. खरी वंशावळ मिळते ती भांडणात. दोन भाऊबंद पाटिलकीवर किंवा कुलकर्णावर भांडले की दोघेही आपापला करीना लिहून देत, मूळपुरुषापासून कोण कुणाचा मुलगा, कोण निपुत्रिक, कोण परागंदा झाला, वतन कुणी किती वर्षं खाल्लं, सगळं. गोतसभा बसायची, निवाडा व्हायचा, महजर व्हायचा, म्हणजे हजर माणसांच्या साक्षीने त्या निवाड्याचा लेख व्हायचा. तसंच इंग्रजांनी 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन बसवलं तेव्हा इनाम टिकवण्यासाठी घराण्यांना कागद आणि वंशावळी हजर कराव्या लागल्या, पुढे 1874 चा वतन कायदा आला त्यातही तेच. या सगळ्यातलं बरंच आज पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो, तिथल्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत आहे, करवीर संस्थानचं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, आणि खाजगी घराण्यांनी दिलेली दफ्तरं भारत इतिहास संशोधक मंडळात, जे 1910 मध्ये राजवाडे आणि मेहेंदळ्यांनी काढलं.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये. वतनदार नव्हते त्यांना इतिहासच नाही, त्यांचं काही सापडणार नाही, असं म्हणून मोडीवाले लोकांना परत पाठवतात ते मला अजिबात पटत नाही. महजराच्या खाली कोण कोण हजर होतं ते बघा, पाटलाची निशाणी नांगर असते तशी सुतार, न्हावी, महार, चांभार यांची नावं असतात, त्यांच्या निशाण्या असतात, गावाचा निवाडा बलुतेदारांशिवाय होत नव्हता. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी त्या दिवशी त्या गावात हा माणूस उभा होता याचा लेखी पुरावा. मग कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्म-मृत्यूची नोंद, त्यात जमीन नसलेलाही माणूस येतो. शाळेची जनरल रजिस्टरं. फौज. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्धात मेलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर फुकट बघता येते, बऱ्याच शिपायांपुढे बापाचं नाव आणि गाव आहे. सातारा भागातल्या गावांत तर इथून इतके गेले, इतके परत आले नाहीत असे दगड अजून आहेत. ज्या घरात आपलं काहीच नाही असं चार पिढ्या सांगितलं गेलंय त्या घरात पणजोबाचं नाव असलेला एक कागद नेऊन द्या, मग कळेल हे काम का करायचं.

जातपडताळणीचं काम घ्यावं की नाही असं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण ते तुमच्याकडे पहिल्या महिन्यात येणारच. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो आणि त्या पुराव्यातल्या माणसाशी आपलं नातं दाखवावं लागतं. घ्या काम, गरजू लोक असतात, एजंट त्यांना लुटतात. पण शोध घेण्यापुरतंच घ्या. कागद सापडला तर सापडला, नाही तर नाही. कुणीतरी हमखास म्हणेल की गावात त्याच नावाचा एक माणूस सापडलाय, तुम्ही फक्त वंशावळीत जोडून द्या. तिथे उठायचं. खोटा दाखला मिळवणं हा 2001 पासून लागू असलेल्या कायद्याने तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या सहीच्या एका खोट्या वंशावळीने तुमचे आधीचे सगळे रिपोर्ट संशयात येतात. असंच शिवकाळातल्या सरदाराशी जोडून द्या म्हणणारेही येतात, लग्नात, निवडणुकीत मिरवायला. त्यांनाही हेच उत्तर.

परदेशातली कामं चांगले पैसे देतात पण त्यात काय विकायचं ते समजून घ्या. ब्रिटिश कुटुंबांचे बाप्तिस्मा, लग्न, दफनाचे मुंबई इलाख्यातले कागद लंडनला इंडिया ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये आहेत आणि बरेचसे ऑनलाइन स्कॅन झालेत, ते क्लायंटने तुमच्याआधी बघितलेले असतात. त्याला हवे असतात तुमचे पाय. पुण्यात, खडकीत, देवळालीत, महाबळेश्वरला ती कबर आज आहे का, अक्षरं वाचता येतात का, पणजोबा स्टेशनमास्तर होते ते क्वार्टर उभं आहे का. एक दिवसाचं काम, नीट फोटो, नीट नकाशा, आणि दोन पानांचा रिपोर्ट. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांची नातवंडंही अशीच येतात, आडनावातच रायगडचं गाव असतं त्यामुळे गाव शोधायला लागत नाही, पुढचं लागतं. गोव्याचं काम, 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची पोर्तुगालमध्ये नोंदणी करण्याचं, ते मोठं मार्केट आहे पण पोर्तुगीज येत नसेल तर त्यात शिरू नका, गोव्यातले लोक ते उत्तम करतात.

मॉरिशसबद्दल जरा जास्त लिहितो कारण तिथली आपली माणसं फार आशेने लिहितात. 1834 पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तिकडे गेले, त्यातले मुंबई बंदरातून गेलेले बरेचसे रत्नागिरी-सावंतवाडी पट्ट्यातले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरं आहेत, त्यात नंबर, जहाज, बापाचं नाव, गाव, जिल्हा, अंगावरची खूण, आणि नंतरच्या काळातल्या लोकांचे फोटोसुद्धा. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती तिकडे गेल्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं, कार्ड देण्याची घोषणा झाली, त्यानंतर चौकशा वाढल्यात. पण गावाचं नाव इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं, आडनाव नाही कारण कामगाराचं नावच पुढे मुलांचं आडनाव झालं, आणि 1850 च्या आसपास कोकणातल्या गरीब, जमीन नसलेल्या घराचा कागद गावात मिळणं अतिशय अवघड. मी त्यांना सुरुवातीलाच लिहितो की गाव बहुतेक सापडेल, घर बहुतेक सापडणार नाही. हे ऐकूनही जे हो म्हणतात त्यांच्यासाठी जीव ओतून काम करावं. डीएनए टेस्टचे निकाल घेऊनही काही जण येतात, ते ठेवून घ्या पण त्यावर विसंबू नका, पिढ्यान् पिढ्या आपसात लग्नं झालेल्या समाजात लांबचा नातेवाईकही जवळचा दिसतो.

आणि आपण या धंद्यातले पहिले नाही हे विसरू नका. भाट आहेत, दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात हेळवी आहेत, बैल घेऊन दारी येणारे आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारे, आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, हरिद्वारचे तीर्थोपाध्याय आहेत. तीर्थोपाध्यायांच्या वहीत तुमच्या खापरपणज्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख असतो, वडील, आजे, भाऊ, मुलं, कधी आईकडची माणसंही, खाली सही. लिहिणारा स्वतःच्या घरच्यांबद्दल सांगतोय म्हणून तो पुरावा फार मोलाचा. तिथे गेल्यावर आधी गाव आणि आडनाव सांगून आपले उपाध्याय कोण ते विचारायचं, त्यांचा मान ठेवायचा, दक्षिणेवरून घासाघीस करायची नाही, फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही आणि आपलाही लेख लिहून यायचा. भाटांकडून मिळालेलं तोंडी सांगणं रिपोर्टमध्ये तोंडी म्हणूनच लिहायचं, पण लिहायचं, गाळायचं नाही, कारण गाव कधी सोडलं आणि का सोडलं हे बऱ्याचदा फक्त त्यांनाच माहीत असतं.

पैशाचं. फी शोधाची घ्या, निकालाची नाही. सापडलं तर द्या असं कधीही करू नका, कारण मग तुमचा हात नकळत सापडवण्याकडे वळतो. समजा महिन्याला तुम्हाला 50,000 सुटायला हवेत. महिनाभरात बिल लावता येईल असं काम फार तर 80 तास होतं, बाकी वेळ फोन, प्रवास, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या, यात जातो. म्हणजे तासाला 625 हे तुमचं नुसतं जगणं झालं, त्यावर इंटरनेट, पुस्तकं, सुट्टीचा महिना धरला तर 800 च्या खाली उतरू नका. प्रवास आणि नकलांची फी वेगळी, पावतीप्रमाणे. निम्मी रक्कम आधी. कामाला हात लावण्यापूर्वी एक पानाचं पत्र, त्यात नेमका प्रश्न काय, कुठल्या कचेऱ्या बघणार, किती तासांनंतर थांबून विचारणार. उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तोवर सेवांना जीएसटी नोंदणी लागत नाही, पण परदेशातून पैसे येणार असतील तर सीएशी एकदा बोला.

रिपोर्ट हा तुमचा माल आहे. त्यात काय सापडलं इतकंच काय शोधलं आणि नाही मिळालं तेही पाहिजे, उदाहरणार्थ अमुक गावचं कोतवाल बुक 1890 ते 1910 बघितलं, 1902 ची पानं फाटलेली, 1905 चं रजिस्टर कचेरीत मिळालं नाही. नाहीतर पाच वर्षांनी दुसरा कुणी परत तेच कपाट उघडतो. अर्ज करून नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा, त्याची तारीख लिहा. आणि प्रत्येक विधानापुढे हे पक्कं, हे संभवनीय, हे नुसतं घरात सांगतात, असा फरक दिसला पाहिजे. नोकरी सोडण्याआधी असे दोन-तीन रिपोर्ट तयार करा, त्यातला निदान एक तुमच्या घराण्याशी, तुमच्या जातीशी, तुमच्या तालुक्याशी काही संबंध नसलेल्या कुटुंबाचा. तो करताना जमतंय आणि कंटाळा येत नाहीये असं वाटलं तर मग बोला नोकरीचं. मी तर म्हणेन दोन वर्षं शनिवार-रविवार आणि रजा यावर काढा, तुमच्या बँकेच्या पगाराचा आधार असताना तुम्ही नको ती कामं नाकारू शकता आणि सुरुवातीला हे नाकारता येणं फार मोठी गोष्ट आहे.

सर्टिफिकेट. अमेरिकेत बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स आहे 1964 पासून, व्यावसायिकांची असोसिएशन 1979 पासून, इंग्लंडमध्ये आग्रा नावाची संस्था आहे, स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात तर या विषयात एमएस्सी होते. परदेशी क्लायंट हवे असतील तर असोसिएशनच्या यादीत नाव असण्याचा उपयोग होतो. पण त्यांचे कोर्स तिकडच्या जनगणना आणि पॅरिशच्या कागदांवर बेतलेले, इथल्या फेरफाराबद्दल त्यात एक अक्षर नाही. त्यांच्याकडून घ्यायची ती शिस्त, पुराव्याची पाच पायऱ्यांची कसोटी, शोध पुरेसा केलाय का, प्रत्येक गोष्टीचा संदर्भ दिलाय का, पुरावे एकमेकांशी ताडून बघितलेत का, विरोधी पुरावा सोडवलाय का, आणि निष्कर्ष लिहून काढलाय का. आधी पैसे घालायचे तर मोडीत घाला, पुराभिलेख विभाग आणि भारत इतिहास संशोधक मंडळ वर्ग घेतात, बऱ्यापैकी वाचता येणं पुरत नाही, तीन वेगवेगळ्या हातांचं घाईचं लिखाण न अडता वाचता आलं पाहिजे. आणि तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधल्या शिपायापासून सगळ्यांशी नीट ओळख ठेवा, कुठलं रजिस्टर कुठल्या माळ्यावर आहे हे त्यालाच माहीत असतं.

आता कुलमंडळ. माझं स्पष्ट मत, फुकट करू नका. मंडळवाले आपलीच माणसं असतात, पैशाचं बोलायला जीभ उचलत नाही हे मला समजतं, पण छपाईवाल्याला पैसे देतात, हॉलला देतात, जेवणाला देतात, मग ज्या कामावर सगळं उभं आहे त्याला का नाही? नातं म्हणून तासाचा दर कमी करा, शून्य करू नका. आणि काही अटी आधीच लिहून घ्या. मुली आणि सुना पूर्ण नावानिशी येणार, माहेरचं नाव, माहेरचं गाव, मुलींची पुढची पिढीसुद्धा. जुन्या कुलवृत्तांतांत कितीतरी बायका नुसतं एक कन्या म्हणून संपल्यात, कागदात मात्र त्या आहेत, तीच सखू अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून उभी आहे. जिवंत माणसांची जन्मतारीख, पत्ते, फोन छापायचे नाहीत, तुम्ही बँकेत आहात, आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख यावरून काय काय करता येतं ते मी तुम्हाला सांगायला नको. दत्तक, दुसरं घर, प्लेगात किंवा 1918 च्या साथीत अख्खं घर गेलं अशा नोंदी निघतील, त्या छापायच्या की नुसत्या जपून ठेवायच्या हे त्या शाखेच्या आजच्या माणसांना विचारून ठरणार, अध्यक्षांना विचारून नाही. जुन्या आवृत्तीतला जो दुवा कागदाने सिद्ध होत नाही त्याच्यापुढे तसं लिहिणार, मग तो मूळपुरुषाचा असला तरी. हे सगळं पत्रात घालून पुढच्या बैठकीच्या आधी त्यांना पाठवा, बैठकीत तोंडी मांडू नका, आणि पत्रासोबत एका शाखेची नमुन्याची चार पानं जोडा, म्हणजे जुन्या आवृत्तीत आणि तुमच्या कामात काय फरक आहे ते त्यांना समोर दिसेल आणि तुमच्या फीबद्दल बोलणं सोपं जाईल.